भांडवली खर्च, महसुली खर्च आणि एक नळी

— द्वितीय वर्ष, वाणिज्य

प्रथम वर्षाला हिशेबशास्त्राच्या तासाला आम्हांला एक भेद शिकवला गेला. कारखानदाराने यंत्र विकत घेतले, तर तो भांडवली खर्च. त्याच यंत्राला रोज लागणारे वंगण, वीज, दुरुस्ती आणि ते चालवणाऱ्याची मजुरी, हा महसुली खर्च. परीक्षेत हमखास येणारा हा प्रश्न मी पाठ केला, लिहिला, गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्या भेदाचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मध्य प्रदेशातील बालाघाट गावी, माझ्या मावसबहिणीच्या घरात. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

निपाणीकडच्या मुलाची मावशी बालाघाटला कशी, असे कोणी विचारील. आमचे वडील तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी. आमच्याकडचा तंबाखू आणि गोंदिया-बालाघाटच्या जंगलातले तेंदूचे पान यांचे लग्न विडीत लागते. त्याच ये-जा करण्यातून आमच्या आईवडिलांचेही लागले. आई गोंदियाची, आणि तिची धाकटी बहीण तिथून चाळीसेक किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी बालाघाटला दिलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला. त्याच दिवशी भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदिया होते, मुंबई राज्यात आला आणि शेजारचे बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. म्हणजे माझे दोन्ही घर सीमेवरचे. आमच्या घरात मराठी आणि दारात कन्नड. मावशीच्या घरात मराठी, शेजारी पवारी आणि बाजारात हिंदी. दवाखान्याला आम्ही कोल्हापूर, मिरज, बेळगाव धरतो. ते गोंदिया, नागपूर, जबलपूर धरतात. सीमेवरच्या माणसाला आजारपणात गावापेक्षा गाडीच्या वेळा अधिक पाठ असतात.

मावशीची थोरली मुलगी, आमची ताई, तिथेच राहते. दाजी एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितात. ताई बी.ए. झालेली, एका खाजगी शाळेत शिकवीत होती. तिला अडीच वर्षांचा मुलगा आहे. तो दिवस भरण्याआधी, सातव्या महिन्यातच जन्मला. वजन एक किलोच्या थोडे वर. फुप्फुसे कच्ची म्हणून नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला सात आठवडे श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. यंत्राने जीव वाचवला. पण तोंडातून घशात घातलेली नळी इतके दिवस राहिल्याने आवाजाच्या पडद्यांखालची जागा आकसली. नळी काढली की श्वास कोंडू लागे. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला बाहेरून छिद्र करून श्वासनलिकेत एक छोटी नळी बसवली. माझ्या करंगळीहून बारीक असलेल्या त्या नळीतून तो आज श्वास घेतो. फुप्फुसे अजून पुरती सुधारलेली नाहीत, म्हणून रात्री प्राणवायूचे यंत्रही लागते. पुढे शस्त्रक्रिया करून आकसलेली जागा रुंद करता येईल आणि नळी काढता येईल, अशी डॉक्टरांना आशा आहे. पण तोवर ही नळी म्हणजेच त्याचे नाक आणि तोंड.

आता या नळीची देखभाल म्हणजे काय, ते सांगतो. आपण शिंकतो, खाकरतो, नाक शिंकरतो. त्या मुलाला यांतले काहीच नीट जमत नाही. कफ नळीत साचतो. तो सक्शनच्या यंत्राला जोडलेल्या बारीक, लवचिक नळीने ओढून काढावा लागतो. हात साबणाने धुवायचे. बारीक नळी ठरल्या मापापर्यंतच आत घालायची, एक बोटही अधिक नाही. आणि दहा सेकंदांच्या आत बाहेर काढायची, कारण तेवढा वेळ मूल श्वास घेऊ शकत नाही. हे दिवसातून आठ-दहा वेळा, सर्दी झाली तर वीस वेळा. गळ्याभोवतीची फीत रोज बदलायची. ती बदलताना दोन माणसे लागतात, एकाने नळी धरून ठेवायची असते. फीत इतकीच घट्ट की खाली एक बोट सरकावे. आंघोळीला पाणी छातीच्या वर जाऊ द्यायचे नाही. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा वाटेत ओलसर आणि गाळलेली होते. याच्या बाबतीत ती थेट आत जाते. बालाघाटच्या मे महिन्यात, लू चालू असताना, कोरड्या हवेने कफ सुकून खपली धरतो आणि नळी बुजण्याचे भय असते. म्हणून गळ्यापुढे ओलसर राखलेले छोटे आवरण, खोलीत कूलर, आणि उशाशी एका डब्यात दोन राखीव नळ्या: एक त्याच मापाची आणि एक त्याहून लहान, मोठी बसली नाही तर.

यांतले सर्वांत अवघड काय, असे मला कोणी विचारले, तर मी सांगेन: त्याचे रडणे. श्वास आवाजाच्या पडद्यांच्या खालूनच बाहेर निघून जात असल्याने त्याला आवाज नाही. तो हसतो, रडतो, रागावतो, सगळे निःशब्द. तोंड उघडे, डोळ्यांतून धारा आणि खोलीत मात्र फक्त यंत्राची घरघर. दुसऱ्या घरचे मूल रात्री रडले की आई जागी होते. या मुलाची आई झोपली, तर तिला जागे करणार कोण? म्हणून त्या घरात रात्रीच्या पाळ्या आहेत. दहा ते दोन दाजी, दोन ते सहा ताई. दाजी सकाळी नऊला मिलमध्ये हजर. मावशी गुडघ्यांनी अधू, तरी दुपारी दोन तास ती बसते, तेव्हा ताई स्वयंपाक करते. मी गेलो तेव्हा मला चार दिवस नुसते बघायला लावले, पाचव्या दिवशी ताईने माझा हात धरून सक्शन शिकवले, आणि आठव्या दिवशी मला दहा ते दोनची पाळी मिळाली. परीक्षेच्या अभ्यासासाठी मी अनेकदा जागलो आहे. पण पुस्तकावर डुलकी लागली तर गुण जातात. इथे काय जाईल याचा विचार मनात आला की झोप आपोआप पळे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ आले आणि वीज गेली. इन्व्हर्टर जुना, तो प्राणवायूच्या यंत्राचा भार तासाभराहून अधिक ओढू शकला नाही. सिलिंडर होता, तो लावला. सक्शनसाठी पायाने दाबायचा पंप होता, तो मी दाबत बसलो. साडेआठच्या सुमारास मुलाच्या बरगड्या आत ओढू लागल्या आणि ओठांचा रंग बदलला. ताईने दोनदा कफ ओढून पाहिला. बारीक नळी आतच जाईना. नळी बुजली होती. मावशीने विजेरी धरली, मी फीत कापली आणि ताईने जुनी नळी काढून नवी बसवली. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागले नसेल. नव्या नळीतून पहिला श्वास शिट्टीसारखा वाजला. ताई काही बोलली नाही. तिने जुनी नळी धुवायला टाकली, हात धुतले आणि मला म्हणाली, "भात करपला असेल, बघ जरा." पावणेबाराला वीज आली.

त्या रात्री मी माझी वही काढली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला कविता सुचत नाही, जमाखर्च सुचतो.

नावे बाजूला काय दिसते ते पाहा. सक्शनचे यंत्र, प्राणवायूचे यंत्र, इन्व्हर्टर: हा एकदाच झालेला खर्च. त्यासाठी मावशीच्या पाटल्या गेल्या. थोडे दाजींच्या मालकांनी उचल म्हणून दिले. मग रोजचे. सक्शनच्या बारीक नळ्या दर वेळी नवी वापरायची म्हटले तर महिन्याला तीनशे होतील. डॉक्टरांच्या सल्ल्याने धुऊन दिवसाला दोन वापरतात, म्हणजे साठ. सलाइन, जाळीचे कापड, फिती, हातमोजे. गळ्यातली नळी ठरल्या मुदतीने बदलायची. पाच लिटरचे प्राणवायूचे यंत्र ढोबळ मानाने साडेतीनशे वॅट वीज खाते. रात्रीचे दहा तास धरले तर रोज साडेतीन युनिट, महिन्याला एकशेपाच युनिट, आणि ते केवळ मुलाच्या श्वासासाठी. नागपूरची फेरी वेगळी, तिच्यात दाजींची बुडालेली रोजची कमाई वेगळी. यंत्रांचा घसारा मी धरला नाही. ताईचा सुटलेला पगार मी एका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिला, कारण कुठल्या खात्यावर टाकावा ते कळेना.

आणि जमेच्या बाजूला? तिथे एकच मोठी नोंद आहे, ती प्रामाणिकपणे केलीच पाहिजे. इस्पितळातला खर्च आयुष्मान कार्डावर झाला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि मध्य प्रदेशातले कार्ड नागपूरच्या नोंदणीकृत इस्पितळातही चालते. ही लहान गोष्ट नव्हे. ती योजना नसती, तर हा मुलगा नसता, असे दाजी स्वतः म्हणतात. परंतु ही योजना इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच खर्च ती धरते. सोळाव्या दिवसापासून मूल आईबापांचे. ज्या नळीवर त्याचे प्राण अवलंबून, ती नळी बसवण्याचा खर्च सरकारचा आणि ती नळी साफ ठेवण्याचा खर्च राइस मिलच्या कारकुनाचा!

इथे मला हिशेबशास्त्राचा तो तास आठवला. आपल्या देशात मुलाच्या आजारपणातील भांडवली खर्चाला दाता मिळतो. महसुली खर्चाला कोणी वाली नाही. हे एकट्या ताईच्या घरचे रडगाणे नाही. जन्मतः बहिऱ्या मुलांना सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. लाखो रुपयांचे यंत्र कानामागे बसते, फोटो निघतो. हमीची मुदत संपली आणि बाहेरची वायर तुटली, बॅटरी बसली, की ती बदलायचा खर्च बापावर येतो. आणि वायर तुटलेली असेतो मूल पुन्हा बहिरे. २०२१ साली मुंबईच्या एका बालिकेच्या स्नायूंच्या दुर्मिळ आजारासाठी सोळा कोटींचे इंजेक्शन परदेशातून आणले गेले. लोकांनी वर्गणी दिली, केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे आयातशुल्क आणि कर माफ केले. वर्तमानपत्रांनी ते छापले, आणि छापलेच पाहिजे होते. पण त्याच आजाराच्या ज्या मुलांना रोज रात्री श्वासाचे यंत्र लागते, खोकण्यासाठी मदत लागते, त्यांच्या यंत्राच्या मास्कसाठी वर्गणी निघाल्याचे मी तरी वाचलेले नाही. एकदाच द्यायचे दान आपल्याला आवडते. महिन्याच्या महिन्याला देणे म्हणजे जबाबदारी, आणि तिच्यापासून आपण लांब राहतो.

कायदे नाहीत असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशांच्या काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची तरतूद आहे. पण त्या कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, आणि गळ्यातल्या नळीने श्वास घेणारे मूल त्यांत सरळ कुठेच बसत नाही. दाखला मागायला गेलेल्या दाजींना एका कचेरीत विचारण्यात आले, "हात-पाय चालतात ना? मग?" हात-पाय चालतात, हे खरे, श्वास चालत नाही, याला रकाना नाही. आयकराचे पाहू. अपंग अवलंबिताचा सांभाळ करणाऱ्यास १९६१ च्या कायद्यात ८० डीडी या कलमाखाली पंचाहत्तर हजारांची, आणि तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट होती. पण वजावट ही ज्याला कर भरावा लागतो त्याला. ज्याचे उत्पन्नच कराच्या मर्यादेखाली आहे, त्याला सव्वा लाखाची वजावट म्हणजे आंधळ्याला आरसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. तरी श्रवणयंत्रावर कर शून्य आणि श्वासाच्या यंत्रावर पाच टक्के, हा भेद मला उमगत नाही.

नोकरदार आईसाठी केंद्र सरकारने संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आहे. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेने, आपल्या आजारी मुलासाठी अशी रजा मिळावी म्हणून केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी रजा नाकारणे म्हणजे स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाबाबतच्या घटनात्मक कर्तव्याचा भंग ठरेल. आपल्या प्राध्यापकवर्गाला हा निकाल महत्त्वाचा वाटेल. पण खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या ताईला रजा कोण देणार? तिने राजीनामा दिला, आणि तिच्या जागी दुसऱ्याच दिवशी दुसरी कोणीतरी आली.

आता एक परदेशातली हकीकत. अमेरिकेतील आयोवा राज्यात केटी बेकेट नावाची मुलगी होती. पाच महिन्यांची असताना मेंदूच्या दाहाने ती आजारी पडली आणि गळ्यातील नळीवाटे श्वासाच्या यंत्राला जोडली गेली. तीन वर्षांची होईतो ती इस्पितळातच वाढली. डॉक्टर म्हणत होते, ती घरी राहू शकते. आईवडील घरी न्यायला तयार होते. अडचण एकच: इस्पितळात राहिली तर सरकारी योजना पैसे देई, घरी गेली तर देत नसे. वास्तविक घरचा खर्च इस्पितळाच्या खर्चाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका होता! नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांपुढे हे उदाहरण सरकारी नियमांच्या वेडेपणाचा मासला म्हणून सांगितले. त्याच डिसेंबरात केटी घरी आली. १९८२ साली कायद्यातच बदल झाला आणि अशा मुलांच्या घरच्या काळजीचा खर्च राज्यांना उचलता येऊ लागला. केटी शिकली, पदवीधर झाली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ साली चौतीस वर्षांची होऊन वारली. रेगन हे काही सरकारी खर्च वाढवणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांनाही जे पटले, ते दयेपोटी तेवढे नव्हे, हिशेबापोटीही पटले. आपल्या योजनेचा नियम आज ज्या जागी अडला आहे, तीच ही जागा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या वर्गातल्या एका मित्राने तो मला तोंडावर सांगितला. ज्या बालाघाट जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात आजही बैगा आणि गोंड पाड्यांवरून बाळंतिणीला दवाखान्यात आणणे कठीण जाते, तिथे एका मुलाच्या नळीवर महिन्याला हजारो रुपये खर्च करणे श्रीमंती चोचले नव्हेत काय? तेवढ्या पैशांत किती बालकांना पोषण मिळेल? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे. पहिले म्हणजे, हा खर्च करायचा की नाही हा निर्णय आपण आधीच करून बसलो आहोत. सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बालकांसाठी विशेष कक्ष उघडले. पूर्वी जी अपुऱ्या दिवसांची मुले जगत नसत, ती आता जगतात. त्यांतली काही यंत्राच्या आधारानेच घरी येतील, हे उघड आहे. मूल वाचवायचे, त्यावर लाखो रुपये घालायचे आणि मग साठ बारीक नळ्यांसाठी त्याला सोडून द्यायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. कारखाना उभारून तेलाला पैसे नाहीत म्हणून यंत्र गंजू देणाऱ्या मालकाला आपण परीक्षेच्या पेपरात काय म्हणू? दुसरे म्हणजे, घरी काळजी नीट झाली नाही तर हेच मूल पुन्हा इस्पितळात येते, अतिदक्षता विभागात राहते, आणि तेव्हा सरकार पैसे देते! पाड्यावरच्या बाळंतिणीचा हक्क या मुलाने हिरावलेला नाही. दोघांच्याही दारात एकच आशाताई येते. तिला दोघांसाठी शिकवता येईल.

तेव्हा व्हावे तरी काय? मला चार गोष्टी सुचतात. एक, विम्याची मुदत पंधराव्या दिवशी तोडू नये. यंत्रावर घरी आलेल्या मुलाच्या नळ्या, औषधे आणि दुरुस्ती योजनेत धरावी. दोन, जिल्हा रुग्णालयात अशा साहित्याचे एक कपाट असावे आणि यंत्रे उसनी मिळावीत. २०२१ च्या लाटेत सरकारने एक लाख प्राणवायूची यंत्रे घेण्याचे ठरवले होते. ज्या यंत्रांची आज वॉर्डात गरज नसेल, ती घरोघरी का फिरू नयेत? तीन, वीज कंपनीच्या वहीत अशा घराची नोंद व्हावी. नियोजित दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर आदल्या दिवशी त्या घरी फोन जावा. त्याला खर्च किती? चार, काळजी घेणाऱ्या आईला नावापुरता का होईना भत्ता मिळावा. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यास महिना सहाशे रुपये देण्याची योजना आहे. सहाशे रुपयांत काही होत नाही, हे मलाही कळते. पण ज्या श्रमाला कुठल्याच खात्यावर जागा नव्हती, त्याचे खाते उघडले जाते. आणि हे करताना कोणत्या राज्याचे कार्ड, हा घोळ नको. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तेव्हा दोन राज्यांत केवढा वाद झाला, ते आपण इथे बसून पाहिले. कार्ड कोणाचे यावर भांडणारे दोन्हीकडे पुष्कळ. नळी कोणी धुवायची यावर मात्र भांडण होत नाही, ते काम आपोआप आईच्या वाट्याला येते.

मित्रहो, सरकारने काय करावे हे सांगणे सोपे. आपण काय करावे? १९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले रोज येत होती आणि यंत्रे मोजकीच होती. तेव्हा ईब्सेन नावाच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी बसवून हाताने रबरी फुगा दाबत श्वास देण्याची रीत काढली. पण फुगा दाबणार कोण? सुमारे दीड हजार विद्यार्थी पुढे आले. वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे, आपल्याच वयाचे. ते पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोनमहिने एकेका मुलाच्या उशाशी बसून फुगा दाबत राहिले. हे वाचले तेव्हा मला ताईच्या घरातली दहा ते दोनची पाळी आठवली. जगातले अतिदक्षतेचे विभाग ज्यातून जन्मले, त्याचा आरंभ विद्यार्थ्यांच्या जागरणात आहे.

आपण डॉक्टर नाही, आणि कोणी शिकवल्यावाचून नळीला हात लावणे हा अपराध ठरेल. पण एक काम आपल्याला येते. ताईला इस्पितळातून सुटी मिळाली तेव्हा एका दुपारी घाईघाईत सगळे दाखवण्यात आले आणि हातात इंग्रजी कागद देण्यात आला. यंत्राबरोबरची पुस्तिकाही इंग्रजी. ताई बी.ए. असूनही तिला त्यातले निम्मे उमगले नाही; मावशीला तर काहीच नाही. मी मराठी माध्यमातला. शब्दकोश घेऊन बसलो, एकेक वाक्य उलगडले, नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवून दुरुस्त करून घेतले, आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: एका बाजूला मराठी, मागे शेजाऱ्यांसाठी हिंदी. 'ओठ निळे दिसले तर प्रथम हे करा' अशी सुरुवात. तो पुठ्ठा आज पलंगाच्या डोक्याशी टांगलेला आहे. त्या वादळी रात्री मावशीने विजेरी नेमकी कुठे धरायची ते त्यावरूनच जाणले होते. माझ्या वीस वर्षांच्या आयुष्यातले सर्वांत उपयोगी लेखन ते, हा लेख नव्हे.

आपल्या या अंकाला दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. आपण एकमेकांची पाने उलटून पुढे जातो, वाचत नाही. माझी सूचना एवढीच, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी दोन्ही विभागांचे विद्यार्थी एकत्र बसू या. आपल्या गावात इन्सुलिन घेणारी, श्रवणयंत्र लावणारी, नळीने अन्न घेणारी किंवा प्राणवायूच्या यंत्राशेजारी झोपणारी मुले आहेत. त्यांच्या आयांना कोणते कागद कळत नाहीत ते विचारू या. ते मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवू या, आणि डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यांच्या भिंतीवर लावू या. दोन भाषा येत असल्याचा आपल्याला अभिमान आहे. तो कुठेतरी खर्ची पडू दे.

परवा ताईचा फोन आला होता. नळीच्या तोंडावर बसवायची एक छोटी झडप डॉक्टरांनी दिवसा थोडा वेळ लावून पाहायला सांगितली आहे. तिने सोडलेला श्वास नळीतून परत न जाता वर आवाजाच्या पडद्यांकडे वळतो. पहिल्या दिवशी तो घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यातून काहीतरी खरखरले. ताईने फोन त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "ऐक." मला शब्द कळला नाही, तो रडत होता की हसत होता, तेही सांगता येत नाही. पण आवाज होता. त्या झडपेची किंमत मी विचारली नाही. वहीत मात्र तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.